सोमवार-गुरुवार बंद पडणारी गाडी

गाडी बंद पडली की माणसं पहिल्यांदा बॅटरी बदलतात. का, तर ती दिसते. बॉनेट उघडलं की समोरच बसलेली असते आणि तिचं नाव सगळ्यांना येतं. चार दिवसांनी गाडी परत बंद पडते, मग पंप बदलतात. मग चावी. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला कुणीतरी शहाणा सांगतो की गाडीचा कॉम्प्युटरच उडालाय, आणि जमलेले सगळे गंभीर तोंडं करून माना हलवतात. टेस्ट लॅम्प हातात घेऊन एक वायर तपासायची म्हटलं तर एकाचाही हात पुढं येत नाही. मी शिरूरला बायपासजवळ पस्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय आणि पस्तीस वर्षं या लोकांची मला चीड येते. माझ्या बायकोचं म्हणणं, मला सगळ्यांचीच चीड येते. तिचंही अगदीच चूक नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सोमवारी सकाळी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राहूच्या पलीकडं वस्तीवर राहते. "गाडी सुरू व्हईना रे," म्हणाली. "आज सोमवार हाय."

सोमवार म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. दाजींच्या किडन्या गेल्यात. तीन वर्षं झाली, दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना दौंडला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी आठला मशीनवर घेतात, चार तास. एक पाळी चुकली की पायाला सूज चढते, दोन चुकल्या की आडवं पडलं तरी दम लागतो, आणि तिसरी चुकली तर काय होईल ते डॉक्टरनं आक्काला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे. वस्तीवरून इतक्या सकाळी एसटी नाही. पोरगा शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहतो, शिफ्ट सोडून आठवड्यातून दोनदा येणं त्याला जमत नाही. म्हणून आक्का पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. पारावरची रिकामटेकडी मंडळी तिला बघून खिदळली. म्हातारी मोटार चालवतीय म्हणे! ज्यांना ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना दोन माणसं मागं उभी करावी लागतात, ती ही मंडळी. आक्का पुलावरून ऊसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करून जाते, मी स्वतः पाहिलंय.

आणि शेजारी बसतात दाजी. तीस वर्षं राहू ते यवत वडापची जीप चालवलेला माणूस. आत नऊ, मागं लटकलेले चार, आणि टपावर मेथीच्या जुड्या. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात कधी दिलं नाही. जीप गेली तरी तिच्या मोडक्या सामानाचा पत्र्याचा डबा अजून गोठ्यात जपून ठेवलाय. आता डाव्या हातात डायलिसिसची फुगलेली शीर, चक्कर येते, डॉक्टरनं गाडी चालवायला बंदी घातलीय. बायको चालवते आणि ते मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसतात.

"आधी कवा बंद पडली व्हती का?" मी विचारलं.

"ही तिसरी खेप. पहिल्यांदा बंद पडली तवा यवतच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. मग पेट्रोलचा पंप बदलला."

"स्टार्टर फिरतोय का?"

"गरागरा फिरतोय. पन इंजिन घेत न्हाई."

मी कपाळावर हात मारला. स्टार्टर गरागरा फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि त्या गाढवानं बॅटरी बदलली! गॅरेजचा बोर्ड केवढा, त्यावर रेसच्या गाडीचं चित्र केवढं, आणि टाळक्यात उजेड कसला म्हणून नाही.

दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून, पूल ओलांडून वस्तीवर गेलो. पोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. अंगणात गाडी उभी. आक्कानं चावी माझ्या हातात दिली. मी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"आता कशी झाली?" आक्का म्हणाली.

ओट्यावर दाजी बसले होते. "तुला घाबरली ती," म्हणाले आणि हसले. मी पण हसलो. दौंडला फोन केला तर ते म्हणाले, सकाळची पाळी गेली, दुपारी मशीन रिकामं झालं तर बघू. झालं रिकामं नशिबानं.

ती दोघं निघेपर्यंत मी बॉनेटखाली डोकं घातलं. स्टार्टर फिरतोय, इंजिन पेटत नाही, आणि ऊन वर आलं की आपोआप बरं होतंय, अशा वेळी मी पहिल्यांदा इग्निशन रिलेकडं बघतो. ही काडेपेटीहून लहान काळी डबी. चावीला मोठा करंट झेपत नाही, म्हणून चावी नुसती हाक मारते, आणि ही डबी टक करून मोठ्या करंटचं दार उघडते. तो टक ऐकू आला तर पुढचं इंजिन पेटणार, नाही आला तर स्टार्टर दिवसभर फिरवत बसा. डबीला चार पाय. दोन हाकेचे, दोन कामाचे. एकेका पायावर करंट पोचतोय का बघायचं, एवढंच शास्त्र. त्याला स्कॅनर लागत नाही, फक्त माणूस जागा पाहिजे.

आणि तिथं मला काय दिसावं? लिंबू-मिरची. बाहेर बंपरला बांधलेली शेळी खाते म्हणून कुणीतरी बॉनेटच्या आत, रिलेच्या बॉक्सशेजारी बांधली होती. अमावास्येला नवी बांधायची आणि जुनी तशीच ठेवायची, असं बरेच महिने चाललं असावं. लिंबं इंजिनाच्या उष्णतेनं शिजून त्यांचा रस बरोबर खालच्या बोल्टवर गळला होता. त्या बोल्टला अर्थिंगच्या वायरी जोडलेल्या असतात. बोल्ट हिरवागार, वर बुरशीसारखी पावडर. अर्थ नीट मिळाला नाही तर रिले टक करणार कसा?

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चांगलं तासभर मी तोंडाचा पट्टा सोडला. लिंबाचा रस ॲसिड असतो, शाळेत शिकला नाहीत का? दृष्ट लागू नये म्हणून गाडीला ॲसिड पाजता? आक्कानं ऐकून घेतलं. दाजींनीही ऐकून घेतलं, वर म्हणाले, "खरं हाय तुजं. आमाला अक्कल न्हाई." मी बोल्ट घासला, वायरींची टोकं चकाचक केली, ग्रीस लावलं. ती दोघं दौंडला गेली आणि मी त्या यवतच्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत शिरूरला आलो. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ती लिंबाची गोष्ट सांगितली. दोन दिवस माझ्यासारखा खूश माणूस शिरूर तालुक्यात नव्हता.

गुरुवारी सकाळी सातला आक्काचा फोन. "बंद हाय."

मी म्हटलं, बोल्ट हलला असेल, वायर दाबून बघ. तिनं दाबून बघितली. काही नाही. मी निघतो म्हणालो तर म्हणाली, तू येईपर्यंत पाळी जाणार, राहू दे. अकराला परत फोन, गाडी सुरू झाली. पण त्या दिवशी दौंडला मशीन रिकामं झालंच नाही. शुक्रवारी पोरानं रजा टाकून त्यांना नेलं. तोवर दाजींचे पाय खांबासारखे झाले होते आणि रात्रभर ते उशीला टेकून बसले होते, असं आक्कानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला फोन कानावर दाबावा लागला.

मला माझीच लाज वाटली. बॅटरीवाला, पंपवाला आणि आता लिंबूवाला. एका माळेत ओवून गळ्यात घालावी अशी आम्ही तिघं गाढवं. पण लाज वाटून गाडी सुरू होत नाही. मी कागद घेतला आणि बिघाडाचे वार लिहून काढले. सोमवार. गुरुवार. सोमवार. गुरुवार. मंगळवारी आक्का हीच गाडी घेऊन राहूला गेली होती, गाडी उत्तम. रविवारी पोरगा यवतला जाऊन आला, उत्तम. आता वायरीला काय कॅलेंडर कळतं? मी स्वतःची समजूत घातली की सोमवार-गुरुवार गाडी भल्या पहाटे, गार असताना सुरू करतात, म्हणून गारठ्यात कुठंतरी सांधा उघडत असेल. अशी थंडीची नाटकं करणारे रिले मी पुष्कळ पाहिलेत. गरम झाले की परत शहाण्यासारखे वागतात. बिघाड असा असला की त्याला जागेवरच पकडावा लागतो. तो घडून गेल्यावर पोचणारा माणूस मग बॅटरीच बदलत बसतो.

म्हणून पुढच्या सोमवारी कुणालाही न सांगता निघालो. उजाडलं तेव्हा मी पुलावर होतो. वस्तीवर पोचलो तेव्हा आक्का चुलीवर पाणी तापवत होती आणि दाजी अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून ओट्यावर बसले होते. मला बघून आक्काचा चेहरा फुलला. दाजी म्हणाले, "तू कसा काय इतक्या सकाळी?" आणि बंडीच्या खिशावरून हात फिरवला. तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही. पस्तीस वर्षांचा कारागीर ना मी, मला फक्त गाडी दिसत होती.

चावी फिरवली. स्टार्टर गरागरा. इंजिन गप्प. मी इतका खूश झालो की ओरडलोच, "सापडला बघ चोर! आता हालू नको गं कुणी."

टेस्ट लॅम्प लावला. रिलेच्या पहिल्या पायावर करंट कायम असायला पाहिजे, होता. चावी चालू केल्यावर हाकेच्या पायावर करंट यायला पाहिजे, आला. अर्थ बघितला, लख्ख. म्हणजे चावी हाक मारत होती आणि रिले ऐकत नव्हता. टक नाही. कामाच्या दोन पायांच्या जागी वायरीचा तुकडा टाकला आणि आक्काला स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन लगेच पेटलं. संपला विषय, रिले खराब. बॅटरी, पंप आणि माझं लिंबू, सगळं उगीच.

सवयीनं मी त्या रिलेचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. आत कॉइल जळून कोळसा. तार दोन जागी तुटलेली, आणि त्या तुटलेल्या टोकांवर जुना गंज चढलेला.

मी तो रिले हातात धरून उभा राहिलो. थंडीची नाटकं करणारा रिले असा दिसत नाही. हा मुडदा होता, मरून दहा-बारा वर्षं झालेला. हा आयुष्यात परत कधी टक करणार नव्हता, ना गारठ्यात ना उन्हात. मग काल रविवारी पोरगा यवतला गेला तो कशाच्या जोरावर? काल या जागी चांगला रिले होता. रात्री कुणीतरी, नाहीतर आज पहाटे, तो काढून हा घातला होता, आणि दर खेपेला पाळीची वेळ टळली की चांगला परत बसवत होता. नुसता काढून ठेवला असता तर रिकामी जागा कुणालाही दिसली असती. ज्यानं केलं त्याला रिले म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्याकडं जुन्या जीपचं मोडकं सामान भरून ठेवलेला पत्र्याचा डबा होता.

मी ओट्याकडं बघितलं. दाजी माझ्याकडंच बघत होते.

आक्का आत डबा भरत होती. मी जवळ गेलो. "द्या इकडं," म्हटलं.

त्यांनी बंडीच्या खिशातून चांगला रिले काढून माझ्या हातावर ठेवला. वाद नाही, आढेवेढे नाहीत.

मी तोंड उघडलं ते बंदच होईना. "लाज वाटत न्हाई का तुमाला? ती बाई या वयात मोटार शिकली. लोकांचं हसनं सोसलं. चार चार तास तिथं बाकावर बसती. आन् तुमी गाडी मारून ठिवताय? शुक्रवारी पाय कसं झालं व्हतं तुमचं? मराचंय का तुमाला?"

"हळू बोल," दाजी म्हणाले.

"का हळू?"

"मला पुरं झालंय रं." ते हळूच म्हणाले, जसं कुणी जेवताना वाढणाऱ्याला सांगतं तसं. "तीन वर्सं झाली. त्या मशीनवरनं उठलो की दिसभर अंगात जीव न्हाई, दुसऱ्या दिशी जरा बरं वाटतं, की लगीच दुसरी पाळी. मी न्हाई येत म्हनलं की ती रडती. गाडी बंद पडली तर कुनाचाच दोष न्हाई. ती बी रडत न्हाई, गॅरेजवाल्याला शिव्या देती." मग थांबून म्हणाले, "तू म्हन, रिले खराब झालता. आता बदलला. तेवढं कर."

मी केलं असतं का? आज वाटतं, करायला हवं होतं. पण मी कधी आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटा बिघाड सांगितला नव्हता, त्याचा मला माज होता. आणि रागानं मी फणफणत होतो. आक्का डब्याची पिशवी घेऊन बाहेर आली, म्हणाली, "सापडलं का?" आणि मी दोन्ही रिले तिच्यापुढं धरले. "गाडीत काय बी बिघाड न्हाई आक्का. कधीच नव्हता. नवऱ्याला इचार तुझ्या."

तिनं रिलेंकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मी लहानपणी तिच्या दप्तरात पाणी सांडलं तेव्हाही तिनं तसं बघितलं नव्हतं.

"मला काय दिसत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "चूळ भराय जातो म्हनून भाईर जात्यात आन् बॉनेटचा आवाज गोठ्यापत्तोर येतो. मी भैरी हाय का? पहिल्या खेपेलाच कळलं मला."

"मग बॅटरी कशाला बदललीस? पंप कशाला?"

"बॅटरी बदलली तवा पुढच्या चार खेपा गप आले ते. पंप बदलला तवा दोन. कायतरी दुरुस्त झालं म्हनलं की परत गाडी बंद पाडायला त्यांचा जीव धजायचा न्हाई. मी म्हनलं, यवतवाला थकला आता, माझा भाऊ येऊन कायतरी दुरुस्त करंल, चार-सहा खेपा निघत्याल. तुझ्या लिंबानं तर एक बी खेप निघाली न्हाई." तिचा आवाज फुटला. "तुला गाडी सुरू कराय बोलीवलं व्हतं रे. एवढं सगळं काढून दाखवाय कुनी सांगितलं?"

 आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामावरून झापलं. ओट्यावर दाजी तिच्याकडं बघत होते. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे त्यांना त्याच क्षणी कळत होतं. इतके दिवस ती दोघं एकमेकांसाठी गाडी दुरुस्त करवत होती आणि बंद पाडत होती, आणि मधे येऊन मी दोघांचंही झाकण उचकटलं होतं.

दाजी उठले. कुणाचा हात न धरता अंगण ओलांडून गेले आणि स्वतःच दार उघडून पुढच्या सीटवर बसले. आक्कानं डोळे पुसले, पिशवी मागं टाकली. मी चांगला रिले जागेवर बसवला. चावी फिरवल्यावर टक आला. ती दोघं गेली तेव्हा एकमेकांशी काही बोलत होती की नाही ते मला काचेतून दिसलं नाही.

त्यानंतर गाडी कधी बंद पडली नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी वेळेवर निघायची. मी येता-जाता फोन करायचो, आक्का दोन शब्द बोलायची आणि ठेवायची. मी माफी मागायचं ठरवायचो आणि गाडी कशी चालतीय तेवढंच विचारायचो.

संक्रांत झाल्यावर एका सोमवारी सकाळी दाजी अंघोळ करून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आज न्हाई." तोंडानं म्हणाले. आक्कानं विचारलं, "आज, का कधीच?" त्यांनी पायातल्या वहाणा काढून ओट्याखाली सरकवल्या. ती आत गेली, गाडीची चावी खुंटीला अडकवली, आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. डॉक्टरनं पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलेलं, तीन वर्षांत त्यांना भरलेला कप कुणी दिला नव्हता. त्या दिवशी तिनं काठोकाठ भरून दिला.

हे सगळं मला नंतर पोरानं सांगितलं, दहाव्याच्या दिवशी. ना त्या सोमवारी, ना त्या गुरुवारी आक्कानं मला फोन केला नव्हता.